मालक भला, जागा ढेपाळलेली: मेमध्ये तिथे कॅराव्हॅन लावावी का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळला. ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, एका गावाला लागून, शेतातच कॅराव्हॅन लावायची जागा आहे. २०२२ मध्ये तुम्ही दोघं तिथे राहून आलात तेव्हा सगळं नवंकोरं होतं. यंदा मेमध्ये दोन नातवंडांना घेऊन आठ रात्री जायचं ठरलंय, निम्मे पैसे देऊनही झालेत. आता तुमचे व्याही तिथून जाऊन आले आणि सांगतात की संडासाची दारं लटकली आहेत, गवत वाळून गुडघ्यापर्यंत उभं आहे, संध्याकाळी दिवे मिचमिचतात आणि राखणदार कधी असतो, कधी नसतो. मालक माणूस भला, त्यामुळे पैसे परत मागायला तोंड होत नाही. जावं की नाही?

जा. पण आठ रात्रींचा हिशोब मनातून काढून टाका, आणि पहिली रात्र तिथल्या विजेला आणि पाण्याला हात न लावता काढा. माझी उमेदीची वर्षं नागपुरात गाड्यांच्या आतलं वायरिंग करण्यात गेली, आधी रुग्णवाहिका आणि मग कॅम्पर व्हॅन. स्वतःची गाडी घेऊन विदर्भात अशा बऱ्याच जागांवर मुक्काम केलाय. लटकलेलं दार सुतळीनं बांधता येतं. घाण संडास दिसतो, वास येतो, माणूस आपसूक सावध राहतो. मिचमिचणारे दिवे वाचून मात्र मी थबकलो.

आधी या जागा अशा का होतात ते सांगतो, म्हणजे मालकाशी बोलताना तुम्हाला राग येणार नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. टाळेबंदीतून बाहेर पडलेल्या लोकांना आपलं अंथरूण, आपला संडास, आपलं घर सोबत हवं होतं. बऱ्याच शेतकऱ्यांनी आणि होमस्टेवाल्यांनी अर्धा एकर मोकळा करून चार खांब, चार सॉकेट, एक बोअर अशी सोय केली. गाड्या मात्र म्हणाव्या तेवढ्या आल्या नाहीत. शिवाय ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. त्या तीन महिन्यांत जागेला फारसा पैसा नाही आणि बराचसा पाऊस त्याच तीन महिन्यांत. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, खांब कलतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि जमिनीत पुरलेली केबल, पाण्याचा पाइप, अर्थिंगची पट्टी, सगळ्यांना ओढ बसते. जोड ढिले होतात. वरून काही दिसत नाही. मालकानं दिवाळीत रंग मारलेला असतो, म्हणून जागा नीट वाटते. दोन वर्षांनी रंगही मारायचा सोडून देतो, तेव्हा तुमच्या व्याह्यांना दिसतं.

म्हणून जमिनीवर दिसणाऱ्या पडझडीपेक्षा जमिनीखाली काय झालं असेल, त्याची मला काळजी वाटते.

आता वीज. दिवे मिचमिचणं दोन तऱ्हेचं असतं. संध्याकाळी सातनंतर सगळ्या गावातच दिवे मंद होत असतील तर डीपीवर लोड जास्त आहे, म्हणजे नुसतं लो व्होल्टेज. त्यावर उपाय आहे. पण एका ठिकाणचा दिवा मंद होताना दुसरीकडचा एकदम लख्ख होत असेल, तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, ढिला आहे. थ्री फेज कनेक्शनवर न्यूट्रल पूर्ण सुटला तर एखाद्या सॉकेटवर २३० ऐवजी ३०० च्या वर, अगदी ४०० पर्यंतही व्होल्ट येऊ शकतात. फ्रिज, चार्जर, इन्व्हर्टर, सगळं एका झटक्यात जातं. व्याह्यांना फोन करून एवढंच विचारा: मंद होत होते की कमी-जास्त होत होते? कमी-जास्त म्हणाले तर मालकाला सांगा, वायरमन येऊन न्यूट्रलचे जोड आवळेपर्यंत मी प्लग लावणार नाही.

नागझिऱ्याच्या बाजूला एका जागेवर मी पाच वर्षांपूर्वी उतरलो होतो. जागेचं नाव सांगत नाही, मालकानं नंतर सगळं दुरुस्त करून घेतलं. जूनची पहिली सर येऊन गेली होती, जमीन ओली. मी प्लग लावला, आत पंखा सुरू झाला, सगळं ठीक. बायको चपला काढून खाली उतरली आणि परत चढताना लोखंडी पायरीच्या दांड्याला हात लावला तशी "अगं आई गं" करून मागे सरली. झिणझिण्या. गाडी रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे बॉडीत वीज उतरली तरी ती जमिनीत जायला वाट नसते. वाट मिळते ती खाली पाय टेकलेल्या माणसातून.

मी राखणदाराला म्हटलं, काका, अर्थिंग दाखवा. म्हातारा मोठ्या अभिमानानं मला खांबामागे घेऊन गेला. तिथे विटांचा चौकोन, त्यावर फरशी. फरशी सरकवली तर खड्डा ओलागच्च. "रोज दोन बकेटा पानी टाकतो जी, मालकानं सांगलं होतं, मीठ बी टाकलं संक्रातीला." त्यानं खरंच टाकलं होतं, मिठाचा पांढरा थर विटांवर दिसत होता. फक्त खड्ड्यातून वर येणारी तार टीचभर उरली होती, टोकाला चकचकीत कापलेली. बाकीचं तांबं कधीच भंगारात गेलं होतं. तार नसलेल्या खड्ड्याला म्हातारा इमानेइतबारे पाणी घालत होता.

तेव्हापासून मी खड्डा बघत नाही, तार बघतो. खड्ड्यापासून सॉकेटपर्यंत नजरेनं आणि जमेल तिथे हातानं चाचपत, अर्थात मेन स्विच बंद करून.

मग मल्टिमीटर. साधा चालतो. तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २१६ ते २४४ च्या मध्ये हवं, कारण २३० ला ६ टक्के इकडेतिकडे एवढीच सूट धरलेली असते. फेज-अर्थ त्याच्या आसपास हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. आता इथे गोम आहे. लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये नेमका शून्य येत असेल तर खूश होऊ नका. कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून दिलेले असू शकतात. हा जुगाड मी किती ठिकाणी पाहिला त्याची गणती नाही. मागे न्यूट्रल तुटला की तुमच्या गाडीची अख्खी बॉडी फेजवर जाते, आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच आपोआप पडणारा स्विच, अर्थची तार तोडत नाही, म्हणून त्यापुढे तोही लंगडा.

दुसरी गोम: मल्टिमीटर फार थोडी वीज घेतो, त्यामुळे केसाएवढ्या गंजक्या तारेवरही तो फेज-अर्थ २३० दाखवतो. खरी परीक्षा १०० वॅटच्या पिवळ्या बल्बची. फेज आणि अर्थमध्ये तो लख्ख पेटला तर अर्थिंगमध्ये दम आहे. ईएलसीबी लगेच पडला तर तो चालू आहे एवढंच कळतं, अर्थिंगची खात्री होत नाही. मिणमिणला तर नाही. ही परीक्षा मात्र तुम्ही करू नका. गाडी सोडवून, आसपासच्या लोखंडाला कोणी हात लावलेला नाही हे बघून, गावातल्या वायरमनकडून करून घ्या. तार तुटकी असेल तर त्या क्षणी तिला जोडलेलं सगळं लोखंड करंट मारतं.

त्यानंतर तुम्ही स्वतः करण्यासारखी एक गोष्ट. काही चालू नसताना व्होल्ट बघा, मग इस्त्री किंवा हजार वॅटची किटली लावून बघा. दहा-बारा व्होल्टहून जास्त उतरले तर वाटेत कुठेतरी जोड ढिला आहे. तसाच एसी दामटलात तर त्या जोडात बंद डब्यात बल्ब जळत राहावा तशी उष्णता साठते आणि सॉकेट वितळतं. आपली केबल २.५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तापते. खांब आणि गाडी यांच्यामध्ये ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी बसवलेला आपला बोर्ड ठेवा. जागेवरच्या ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे.

१९० च्या खाली व्होल्ट गेले की एसी बंद ठेवा, कॉम्प्रेसर जळतो. मग मेच्या उकाड्यात काय? चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे सहज जातो, ४७ लाही टेकतो. कूलर हे उत्तर तुमच्याही डोक्यात आलं असेल. कोरडी हवा आहे, कूलर छान चालतो, दोनशे वॅटच्या आत. पण दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलं असतात. लोखंडी कूलर अर्थिंगची खात्री झाल्याशिवाय लावू नका, प्लास्टिकचाच न्या, पाणी भरताना प्लग काढा आणि नातवंडांना बजावून ठेवा. अर्थिंगची खात्री झालीच नाही तर बॅटरीवरचे पंखे आणि ओले पडदे, दुपारी गाडी सोडून झाडाखाली.

झाडावरून आठवलं. पडीक जागेत सावली चांगली मिळते, कारण कोणी झाडं छाटलेली नसतात, आणि हीच अडचण. मेच्या शेवटी वादळी वारा सुटतो आणि वाळलेली फांदी पत्र्यावर येते. वर बघून गाडी लावा. कवठाखाली लावू नका. माझ्या छतावरचं सोलर पॅनल एका कवठानं फुटलंय, आणि आवाज असा झाला की आम्हाला वाटलं कोणी धोंडा मारला. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवा आणि चाकं मुरुमावर. काळ्या मातीवर असाल आणि अवकाळीचा एक तास पाऊस झाला तर ट्रॅक्टर बोलवावा लागेल.

आता गवत. तुमचे व्याही नुसती कुरूपता म्हणून सांगत होते, मी त्यात आग बघतो. तुमची गाडी बीएस-६ डिझेल असेल तर तिचा धूर गाळणारा फिल्टर मधूनमधून आतली काजळी जाळून स्वतःला साफ करतो. त्या वेळी खालचा पाइप भयंकर तापतो. नेमकं तेव्हा तुम्ही गुडघाभर वाळल्या गवतात गाडी उभी केली तर खालून धूर यायला वेळ लागत नाही. म्हणून जायच्या आधी मालकाला सांगून गाडीच्या जागेभोवती चारही बाजूंनी दहा-बारा फूट गवत मुळापासून काढून घ्या, पालापाचोळा झाडून घ्या. या दिवसांत तेंदूपत्ता तोडणारे, वाटेनं जाणारे, सगळ्यांच्या हातात विडी असते, आणि जंगलातला वणवा शेताच्या बांधापर्यंत येतो. गॅसची शेगडी गाडीच्या आडोशाला असली तरी बाहेरच्या गवतात मांडू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला की जमिनीलगत साचतो. गाडीत सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं आणि ते कुंभारीण माशीनं मातीनं बुजवलेलं नाही ना, ते काडी घालून बघा. हसू नका, माझ्या गाडीत दोनदा बुजलंय.

गवत काढलं की विंचू-सापाचा प्रश्नही निम्मा सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी: कोणीही खाली जमिनीवर झोपायचं नाही, सकाळी चपला झटकून घालायच्या, रात्री बॅटरीशिवाय पाय खाली ठेवायचा नाही. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं पोर म्हणालं तर अपचन समजून ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठा. पोचल्या दिवशीच राखणदाराला विचारून ठेवा की रात्री साप चावलेला माणूस इथून कुठे नेतात. गावातल्या माणसाला हे नेमकं माहीत असतं.

पाण्याबद्दल तुम्हाला एक फरक सांगतो. तुम्ही दर्यापूरच्या, खारपाणपट्ट्यात वाढलेल्या. खारं पाणी तुमच्या जिभेला लगेच कळतं. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही बोअरमध्ये फ्लोराइड असतं, ते जिभेला कळत नाही आणि टीडीएस मीटरलाही वेगळं दाखवता येत नाही. पाणी गोड लागतं. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. उकळल्यानं ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं थोडं वाढतं. आठ दिवसांनी काही बिघडणार नाही, हे खरं. वर्षानुवर्षं पिणाऱ्या गावकऱ्यांचं बिघडतं. तरी पिण्याचं पाणी आपण वीस लिटरच्या जारमधूनच न्यावं, याचं माझं कारण फ्लोराइडपेक्षा टाकी आहे. जागेवरच्या टाकीवर चढून झाकण उघडून बघा, किंवा नवऱ्याला चढवा. झाकण नसेल तर आत खार, पाल, काहीही पडलेलं असतं. धुण्याभांड्यालाही ते पाणी वापरायचं असेल तर टाकी उपसून घासून घ्यायला लावा आणि ग्रामपंचायतीत मिळते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला ५ ग्रॅमच्या मापानं आधी बादलीत कालवून, वरची निवळी टाका. अर्धा तास थांबा. गाडीच्या आतल्या टाकीत तिथलं पाणी भरू नका, एकदा शेवाळ धरलं की वर्षभर वास जात नाही. मेमध्ये बोअरची पातळी खाली जाते, मोटर दुपारी हवा ओढते. सकाळी सहाला भरून घ्या.

संडास: आपला वापरा. कॅसेट, म्हणजे गाडीतल्या संडासाची मैल्याची पेटी, रिकामी करायच्या आधी सेप्टिक टँक कुठे आहे ते बघा. सगळीकडे वाळलेलं असताना एका पट्ट्यात गवत हिरवंगार असेल तर टाकी भरून वाहतेय, तिच्यात भर घालू नका. नाल्यात तर नाहीच. तालुक्याच्या गावी हॉटेलवाल्याला विनंती करून, त्याचे पैसे देऊन रिकामी करा.

रात्री नातवंडांना घेऊन शेतातून फेरफटका मारायचा मोह होईल. करू नका, आणि कारण फक्त वाघ नाही. रानडुकरांसाठी लोक कुंपणाला झटका मशीन लावतात, ते ठीक, त्याचा ठोका थांबून थांबून येतो आणि माणूस मागे फेकला जातो. पण कोणी कोणी रात्री थेट लाइनची तार सोडतात. बेकायदा आहे, त्यात माणसंही मेली आहेत आणि वाघही. अंधारात तार दिसत नाही. बांध ओलांडायचा नाही म्हणजे नाही.

राहिला राखणदार. माझ्या लेखी पडीक जागेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे रात्री तिथे झोपणारा माणूस. मालक कितीही भला असला तरी तो चंद्रपुरात असतो. मेमध्ये तेंदूपत्त्याची मजुरी लागते तेव्हा राखणदार पहाटेच जंगलात जातो, त्यात त्याची चूक नाही, पत्त्याचे पैसे महिन्याच्या पगाराहून बरे असतात. मालकाला फोनवर मी दोनच प्रश्न विचारतो: रात्री तिथे कोण झोपतं, आणि शेवटची गाडी कधी लागली होती. "गेल्याच आठवड्यात पुण्याची गाडी होती" असं चटकन उत्तर आलं तर बरं. "येत असतात, येत असतात" म्हणाला तर दिवाळीपासून कोणी आलेलं नाही असं धरा.

पैशांचं असं करा. परत मागू नका. म्हणा, "भाऊ, दिलेले पैसे तुमच्याकडेच राहू द्या. त्यातून वायरमन बोलवा, गवत काढून घ्या, टाकी धुवा. दोन रात्री राहून बघतो, जमलं तर पुढच्या रात्रींचे तिथेच रोज संध्याकाळी देऊ." भल्या माणसाला यात अपमान वाटत नाही, त्याच्या हातात नेमका खर्चाला पैसा नसतो. मी असं तिघांना म्हटलंय. दोघांनी कामं केली. तिसऱ्यानं फोन उचलणं बंद केलं, आणि आम्ही ताडोब्याच्या गेटजवळच्या मोहर्ली गावात खोली घेऊन राहिलो, सफारी तीच झाली.

आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी तीनच्या आत पोचा, म्हणजे उजेडात सगळं बघून होईल आणि सात-आठच्या लो व्होल्टेजच्या वेळी दुसऱ्यांदा मापं घेता येतील. पहिली रात्र आपल्या बॅटरीवर. १२ व्होल्टची, १५० एएचची (ॲम्पिअर-तास) साधी लेड-ॲसिड बॅटरी धरली तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९०० वॅट-तास. तीस वॅटचे दोन पंखे दहा तास चालले की ६०० गेले, उरलेल्यात दिवे आणि मोबाइल. फ्रिज त्या रात्री बंद, दूध पावडरीचं न्या. बॅटरी जुनी असेल तर एकच पंखा, आणि तो नातवंडांकडे.